मी खदिजा होते

२००५ साली सांगलीत पूर आला होता ते वर्ष. पूर ओसरला, गणपती आले, आणि त्याच दिवसांत कधीतरी आम्ही सगळे 'इक्बाल' बघायला गेलो. आई, पप्पा, मी आणि दादा. दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. मी तेव्हा नववीत, तो १९ वर्षांचा आणि गल्लीतला सगळ्यात फास्ट बॉलर, त्यामुळे ऐकू न येणाऱ्या फास्ट बॉलरवर हिंदी पिक्चर आलाय म्हटल्यावर आमच्या घरात काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या. पप्पांनी चक्क हाफ डे टाकला. सख्ख्या साडूच्या लग्नाला पण न टाकणारा माणूस.

थिएटरातले लाइट गेले आणि तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली की अरे, अंधारात खुणा कुठे दिसतात.

घरी टीव्हीवर पिक्चर लागला की मी टीव्हीच्या शेजारी स्टूल घेऊन बसायचे आणि जमेल तेवढं हातांनी सांगायचे, ते चालून जायचं. इथे काळोख, सबटायटल नाहीत, हिंदी पिक्चरला आमच्या गावात पट्ट्या कोण लावणार. पडद्यावर भरपूर उजेड असेल, म्हणजे मैदान, ऊन वगैरे, तेव्हाच माझे हात दिसायचे, आणि नेमकं तेव्हा कुणी जास्त बोलत नसायचं, बोलणं सगळं घरात नाहीतर रात्री. मग मी त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं गिरवायला लागले तर त्याने हात काढून घेतला, गुदगुल्या होतात म्हणे. म्हणजे बघा, कर्णबधिर मुलावरचा पिक्चर, आणि आमच्या रांगेत तो सगळ्यात कमी कुणाला कळला असेल तर दादाला.

मी मात्र ढसाढसा रडले. पण इक्बालसाठी नाही हां. मी रडले खदिजासाठी, म्हणजे इक्बालची धाकटी बहीण, श्वेता बसू प्रसादने केलेली. तो खुणा करतो, ती सगळ्यांना सांगते. कोचला ती सांगते, बापाला ती सांगते. मी म्हटलं अरे ही तर मी! पिक्चरमध्ये पहिल्यांदा कुणीतरी माझं काम करताना दिसलं. घरातली दुभाषी. कुणी नेमलेलं नसतं, सुट्टी नसते, किराणावाला काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणाले, आत्या का रुसली, सगळं आपल्या हातांतून जायचं.

पिक्चर वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. श्रेयस तळपदेने जीव ओतलाय, नसीरुद्दीन शाह तर काय बोलायलाच नको, प्रतीक्षा लोणकर आणि यतीन कार्येकर आईबाप म्हणून इतके आपल्या घरचे वाटतात, आणि म्हशींना फील्डिंग लावायला उभं करायचं डोकं ज्याचं चाललं त्याला माझा नमस्कार. अजूनही लागला की बघते. पण गेल्या वीस वर्षांत ऐकू न येणाऱ्या खेळाडूंवरचे पिक्चर मी हावरटासारखे शोधून शोधून बघितलेत, कोरियन, जपानी, अमेरिकन, आणि मला हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. हे जवळपास सगळे पिक्चर खदिजाच्या जागेवरून काढलेले असतात. ऐकू येणाऱ्या माणसाच्या जागेवरून, जो शेजारी उभा राहून ह्याला काय वाटत असेल ते बाकीच्यांना सांगतोय. आणि ती जागा किती बेभरवशाची आहे हे मला माहितीये, कारण मी तिथे उभी होते.

आवाज बंद करायची ती युक्ती घ्या. शेवटची मॅच, शेवटचा बॉल किंवा शेवटचा राउंड, आणि एकदम सगळा आवाज जातो, फक्त धडधड धडधड. आपल्याला अंगावर काटा. दादाला मी एकदा घरी असा सीन दाखवला, म्हटलं बघ, इथे आता आवाज बंद झाला, तुझ्यासारखं केलंय. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, मग आधी काय होतं? त्याला सीनमध्ये काही बदललंच नव्हतं. तो जो 'अनुभव' आहे तो आपल्यासाठी आहे, आपला कान गेल्यावर आपल्याला कसं भीतीदायक वाटेल त्याचा. त्याच्याकडून कधी काही गेलेलंच नाहीये. ओटीटीवर आता कॅप्शन असतात त्यात तर अजून मजा, ब्रॅकेटमध्ये 'प्रेरणादायी संगीत' अशा अर्थाचं इंग्रजीत लिहून येतं, आणि दादा मला विचारतो की हे संगीत आत्ता काय करतंय. मी काय सांगणार. म्हटलं, रडायला सांगतंय.

आणि शांत! पिक्चरमधली ही माणसं किती शांत असतात. पुढाऱ्याच्या फोटोसारखी सोज्वळ, मंद हसणारी. कर्णबधिर मुलांच्या मैदानावर एकदा जाऊन उभे राहा तुम्ही. कान किटतात. दादा हसतो तर शेजारच्या बिल्डिंगीत कळतं, भांडी घासतो तेव्हा आई कानात कापूस घालते, दार तर त्याने आयुष्यात कधी हळू लावलं नाहीये, कारण आवाज होतो हे त्याला कळायचा प्रश्नच नाही. अपील करतो तेव्हा पोटातून असा काही आवाज काढतो की नवीन अंपायर घाबरून बोट वर करेल. म्हणून 'मूकबधिर' हा शब्द मला आवडत नाही, मुका कोण आहे इथे.

आता क्रिकेटचं सांगते, कारण पिक्चरवाल्यांनी खरं तर इथे यायला पाहिजे होतं. दादा फास्ट बॉलर का झाला माहितीये? हौस होती म्हणून नाही. त्याच्यासोबत बॅटिंग करायला कुणी तयार नव्हतं म्हणून. रन काढताना येस, नो, थांब, पळ, सगळं ओरडून चालतं, आणि ह्याला ओरडून उपयोग नाही, त्याने तीन पोरांना रन आउट केल्यावर त्याची जागा कायमची अकरावी झाली. फील्डिंगला पण तेच, उंच कॅच गेला की 'माझा माझा' ओरडतात, हा ऐकणार नाही, हा पण धावणार, दोघं धडकणार. त्याचा पुढचा अर्धा दात तसाच गेलाय. राहिलं काय तर बॉलिंग, जिथे सगळं तुझ्या एकट्याच्या हातात. तिथे पण एक गोची आहे. नो-बॉल. अंपायर ओरडतो आणि हात आडवा करतो, पण तो उभा असतो बॉलरच्या पाठीमागे! बॉलर पुढे गेलेला, त्याला ना ऐकू येत ना दिसत. एका टुर्नामेंटला दादाने समोरच्याचा मिडल स्टंप उडवला आणि हात पसरून पार बाउंडरीपर्यंत धावत गेला, मागे सगळे हसतायत, बॅट्समन जागेवर उभा, आणि ह्याला कळलं ते परत आल्यावर. तो त्या दिवशी जेवला नाही.

हा सीन कुठल्या पिक्चरमध्ये आहे? मला तरी दिसला नाही. ह्यात कानाचा दोष नाहीये हो, अंपायर कुठे उभा असतो त्याचा आहे. पिक्चरमध्ये लढाई नेहमी कानाशी असते, खऱ्यात ती शिट्टीशी असते.

तर पिक्चर बघून आलो आणि पुढचे चार महिने दादाचं नाव इक्बाल पडलं. गल्लीत, मामाकडे, सगळीकडे. काय इक्बाल, कधी खेळणार इंडियाकडून? मामा तर रोज, 'तो करू शकतोय तर तू का नाही रं'. ह्या पिक्चरांचा हा एक साइड इफेक्ट कुणी बोलत नाही. पिक्चर बघून जी प्रेरणा मिळते ती सगळी आजूबाजूच्यांना मिळते आणि मग ते ती बिचाऱ्याच्या डोक्यावर आणून ओततात. शेवटी थंडीत एका ठिकाणी निवड चाचणी होती, तिथे मी त्याला घेऊन गेले, म्हणजे खरं तर मामाने दोघांना नेऊन घातलं.

तिथल्या एका सरांनी दादाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, ह्याला ऐकू येत नाही होय? मग कशाला आणलंय? उद्या बॉल लागला कुणाचा तर जबाबदार कोण. पिक्चर बघून आले वाटतं.

दादा माझ्याकडे बघत होता, काय म्हणाले म्हणून. आणि मी, नववीतली पोरगी, मी हातांनी सांगितलं की आज यादी पूर्ण झालीये, पुढच्या वर्षी या म्हणाले.

खोटं. सरळ खोटं. त्याने मान हलवली, बॅग उचलली, आम्ही एसटी स्टँडवर येऊन उसाचा रस प्यायलो.

हे मी वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी 'इक्बाल' परत बघत होतो, आता कॅप्शनसकट, आणि खदिजाचा सीन आला तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. त्याने पिक्चर पॉज पण केला नाही. खुणेने म्हणाला, माहीत होतं, तुझे हात एक बोलत होते आणि तोंड दुसरं. खुणांच्या भाषेत चेहरा म्हणजे सजावट नसते, भुवई वर की खाली ह्याने वाक्याचा अर्थ बदलतो, ते व्याकरण आहे. मी खोटं बोलले ते व्याकरणात पकडलं गेलं. आणि वर म्हणाला की तू लहान होतीस, तुला वाईट वाटू नये म्हणून मी पण काही बोललो नाही. म्हणजे तिथे नक्की कोण कुणाला सांभाळत होतं देवाला माहीत.

असो. पिक्चरांकडे येते.

'इक्बाल'मधला कोच दारुडा, एकेकाळचा चांगला खेळाडू, आयुष्य वाया घालवलेला. २०११ला कोरियात 'ग्लव्ह' आला, चुंगजू गावातल्या कर्णबधिर शाळेच्या बेसबॉल टीमवर, शाळा खरी, टीम खरी, स्वप्न काय तर राष्ट्रीय स्पर्धेत एक, फक्त एक मॅच जिंकायची. आणि कोच कोण? दारूच्या भानगडीत बदनाम झालेला स्टार पिचर, शिक्षा म्हणून तिथे पाठवलेला. दोन देश, सहा वर्षांचं अंतर, आणि तोच माणूस! मला वाटतं लिहिणाऱ्यांना मुलांच्या आतलं काय लिहायचं ते सापडत नसावं, मग ते शेजारी एक बोलणारा, रडणारा, सुधारणारा माणूस उभा करतात आणि पिक्चर हळूच त्याचा होऊन जातो. मुलं राहतात त्याला सुधारण्यापुरती. 'ग्लव्ह' बघताना मी रडले हे पण सांगते, मी काय, मला रडायला कारण लागत नाही.

ह्याच्या उलट 'द हॅमर', २०१०चा. मॅट हॅमिल म्हणून खराखुरा पैलवान आहे अमेरिकेतला, जन्मतः बहिरा, रॉचेस्टरच्या कॉलेजकडून तीन वेळा राष्ट्रीय कॉलेज अजिंक्यपद, नंतर यूएफसीमध्ये, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक मारामारीच्या स्पर्धांत, फाइट केल्या. ह्या पिक्चरमध्ये हिरोच्या कामासाठी आधी ऐकू येणारा नट ठरला होता, मग कर्णबधिर लोकांनी आवाज उठवला (हसू नका, असंच म्हणतात) आणि रसेल हार्वर्ड आला, जो स्वतः कर्णबधिर आहे. फरक कुठे पडतो? मोठ्या सीनमध्ये नाही, बारीक ठिकाणी. कुणी बोलत असेल तर तो आधी तोंडाकडे बघतो, मग डोळ्यांकडे, आणि समजलं नाही की एक थकलेला 'हो' करतो. तो 'हो' दादा दिवसातून पन्नास वेळा करतो. आणि त्यात एक गोष्ट आहे जी आपल्याकडे कुणी दाखवत नाही, की तो कर्णबधिर मुलांच्यात गेल्यावर पण लगेच त्यांचा होत नाही, कारण त्याला खुणा धड येत नाहीत, ओठ वाचून वाढलेला. तुमच्यात पण नाही, ह्यांच्यात पण नाही. दादाने हा पिक्चर सलग दोनदा बघितला.

पैलवानांवरून आठवलं. हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातला वीरेंदर सिंग, त्याच्यावर 'गूंगा पहलवान' ही डॉक्युमेंटरी आहे २०१४ची, तीन तरुण पोरांनी केलेली, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला. ती बघा, बाकी काही नाही बघितलं तरी. नाव वाचून चिडू नका, त्याला आखाड्यात ह्याच नावाने हाक मारतात, 'गूंगा', आणि ती हाक त्याला सोडून सगळ्यांना ऐकू येते. ह्या माणसाने डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये, तीन गोल्ड आणली आहेत, २००५ मेलबर्न, २०१३ सोफिया, २०१७ तुर्कस्तानातलं सामसुन. आणि २०२१च्या नोव्हेंबरमध्ये पद्मश्री मिळाल्यावर लगेच तो दिल्लीत हरियाणा भवनाबाहेर फुटपाथवर मेडलं घेऊन बसला होता, पॅरा खेळाडूंना राज्य सरकार जे देतं ते कर्णबधिर खेळाडूंना पण द्या म्हणून. गळ्यात पद्मश्री आणि खाली फुटपाथ. एवढा क्लायमॅक्स कुठला लेखक लिहील? पण ह्यावर फीचर पिक्चर काढायचा तर शेवट काय करणार, संगीत कुठे वाजवणार.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ असतो, माझ्या नवऱ्याचा पण होता. पॅरालिंपिक्समध्ये कर्णबधिरांसाठी गट नाही. त्यांची स्पर्धा वेगळी, डेफलिंपिक्स, आणि ती पॅरालिंपिक्सपेक्षा कितीतरी जुनी, १९२४ साली पॅरिसला सुरू झालेली. दोन्हींतल्या त्यातल्या त्यात चांगल्या कानाने ५५ डेसिबलपर्यंतचं ऐकू येत नसेल तर तुम्ही पात्र, आणि मैदानात उतरताना कानाचं मशीन, कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भाग, सगळं काढून ठेवायचं. पळायला बंदुकीचा बार नाही, लाइट लागतो. फुटबॉलला रेफरी झेंडा हलवतो. म्हणजे तिथे खेळाडूला बदललं नाहीये, शिट्टीला बदललंय, बस एवढंच. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोत झाली तेव्हा दादा रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर बघत बसायचा. टाळ्या वाजत नाहीत तिथे, सगळं स्टेडियम दोन्ही हात वर करून पंजे हलवतं. भर वाऱ्यातलं ज्वारीचं शेत कसं दिसतं तसं.

अजून एक भारी गोष्ट. अमेरिकन फुटबॉलमध्ये ते सगळे घोळका करून वाकून उभे राहतात ना खेळण्याआधी, तो घोळका गॅलॉडेटच्या कर्णबधिर कॉलेजातून आला असं सांगतात, १८९०च्या दशकात. समोरची टीम पण कर्णबधिर, त्यांना आपल्या खुणा दिसू नयेत म्हणून गोल करून उभे राहिले. आज ऐकू येणारे सगळे तसेच उभे राहतात. म्हणजे काय फक्त आम्हीच ह्यांना शिकवतो असं नाही.

तर मला आवडलेला शेवटचा पिक्चर सांगते. जपानी, २०२२चा, केइको नावाच्या बॉक्सरचा, केइको ओगासावारा ह्या खऱ्या कर्णबधिर बॉक्सरवरून सुचलेला. ह्यातली नटी ऐकू येणारीच आहे, त्यामुळे माझा वरचा मुद्दा इथे लंगडा पडतो, पडू दे. कोरोनाचा काळ आहे, सगळ्यांच्या तोंडावर मास्क, ओठ दिसत नाहीत, म्हणजे तिचं जे थोडंफार जग उघडं होतं ते पण बंद. आणि कुणी तिला बिचारी म्हणत नाही, कुणी भाषण देत नाही. तिला कधीकधी बॉक्सिंगचा कंटाळा येतो! प्रेरणादायी पिक्चरमधल्या माणसाला कंटाळा यायची परवानगी असते का? आवाज बंद करायची युक्ती नाही, पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, उलट जिममधले बारीक आवाज जास्तच ऐकू येतात, म्हणजे डायरेक्टर सरळ म्हणतोय की मी ऐकू येणारा आहे, मला हे ऐकू येतंय, तिला काय वाटतं ते मी सांगणार नाही, तुम्ही बघा. खदिजा गप्प बसलीये. हे मला फार आवडलं. दादाला पिक्चर स्लो वाटला. अर्ध्यात झोपला.

दादा आता चाळिशीला टेकलाय, कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनवर असतो (तिथल्या आवाजाने बाकीच्यांचे कान गेलेत, हा म्हणतो मी आधीच तयारीने आलोय), आणि रविवारी खेळतो. त्यांच्या टीममध्ये सहा-सात जण कर्णबधिर आहेत, बाकी ऐकू येणारे. नो-बॉलवर त्यांनी स्वतःच उपाय काढलाय. कीपरचं तोंड अंपायरकडे असतं, त्यामुळे अंपायरचा हात आडवा झाला की कीपर आपला ग्लव्ह डोक्यावर धरतो, आणि बॉलरला समोर दिसतं. कोच नाही, दारुडा नाही, कुणी शिकवलं नाही.

मागच्या रविवारी मी पोरीला घेऊन मॅच बघायला गेले होते. तिसऱ्याच ओव्हरला दादाने दांडी उडवली आणि कीपरचा ग्लव्ह डोक्यावर. दादा वळला आणि अंपायरशी जे भांडायला लागला, हातवारे, पायाने क्रीज दाखवणं, तो पोटातला आवाज, सगळं. अंपायर नवीन होता, गोंधळला, इकडेतिकडे बघितलं, कुणीतरी त्याला सांगितलं असणार की ती बहीण आहे, तर तिथून मला ओरडला, 'ओ ताई, ह्यांना जरा सांगा की!'

मी भेळ खात होते. म्हटलं, तुम्हीच सांगा, समोर तर उभे आहेत.